कोल्हापूर २०२४ : दहा जागा, सहा रकाने

महाराष्ट्र विधानसभेची मतमोजणी २३ नोव्हेंबर २०२४ ला झाली. निकाल एकच, पण महायुतीला किती जागा मिळाल्या याचं उत्तर कुणाला विचारता त्यावर अवलंबून राहिलं. भाजप १३२, शिवसेना ५७ आणि राष्ट्रवादी ४१ एवढेच धरले तर २३०. छोटे मित्रपक्ष मिळवले तर २३५. दोन्ही अपक्षही त्यातच ढकलले तर २३७. फरक सात जागांचा. त्या सातपैकी चार जागा एकट्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या आहेत : जनसुराज्य शक्तीच्या दोन, राजर्षी शाहू विकास आघाडीची एक आणि चंदगडच्या अपक्षाची एक. उरलेल्या तीन म्हणजे बडनेरा, गंगाखेड आणि जुन्नर.

जिल्हावार-पक्षवार तक्ता कुठे चुकतो हे पाहायचं तर कोल्हापूरइतका सोयीचा जिल्हा दुसरा नाही. शेजारचा सातारा घ्या. आठ जागा, भाजप ४, शिवसेना २, राष्ट्रवादी २, बेरीज आठ, विषय संपला. कोल्हापुरात दहा जागांसाठी सहा रकाने लागतात आणि त्यातले तीन बहुतेक छापील तक्त्यांत 'इतर' या एका शब्दात बुजवलेले असतात. दहापैकी चार जागा 'इतर' म्हणून दाखवणारा तक्ता जिल्ह्याबद्दल काय सांगणार?

आधी चौकट. राज्यात २८८ मतदारसंघ, ३६ जिल्हे. २००८ च्या पुनर्रचनेत मतदारसंघांना दिलेले क्रमांक जिल्ह्यानुसार सलग आहेत. १ ते ४ नंदुरबार, ५ ते ९ धुळे, असं करत २८१ ते २८८ सांगली. कोल्हापूरचे २७१ ते २८०. म्हणून जिल्हा ठरवताना नावाला हात लावू नये, क्रमांकाचा पट्टा वापरावा. नावावरून ठरवलं की शिरोळ (२८०), शिराळा (२८४), शिरूर (१९८), शिर्डी (२१८) आणि शिरपूर (९) यांची गल्लत कधी होते ते कळतही नाही. कर्जत (१८९) रायगडात आहे आणि कर्जत-जामखेड (२२७) अहिल्यानगरमध्ये. जिल्ह्यांची नावं बदलली तरी मतदारसंघांची बदललेली नाहीत. जिल्हा धाराशिव झाला, मतदारसंघ उस्मानाबादच राहिला. अशा ठिकाणी नावावर चालणारं सूत्र मुकाट्याने रिकामी चौकट देतं.

क्रमांकाच्या पट्ट्यालाही एक अपवाद सांभाळावा लागतो. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. त्यामुळे २००९ च्या जुन्या तक्त्यांत ठाण्याच्या नावावर २४ जागा दिसतात. तुलना करायची असेल तर १२८ ते १३३ बाजूला काढून ठाणे १८ आणि पालघर ६ असं मागे जाऊन पाडावं लागतं.

कोल्हापुरात याहून नेहमीची चूक लोकसभेच्या हिशोबाने होते. कोल्हापूर लोकसभा मतदारसंघात चंदगड, राधानगरी, कागल, कोल्हापूर दक्षिण, करवीर आणि कोल्हापूर उत्तर येतात. शाहूवाडी, हातकणंगले, इचलकरंजी आणि शिरोळ हातकणंगले लोकसभेत जातात. पण त्याच लोकसभेत सांगली जिल्ह्यातले इस्लामपूर आणि शिराळाही आहेत. दोन लोकसभा मतदारसंघ जोडून 'कोल्हापूर जिल्हा' केला की जागा बारा होतात आणि तक्त्यात राष्ट्रवादी (शरदचंद्र पवार) पक्षाची एक जागा उगवते. ती इस्लामपूरच्या जयंत पाटलांची. जिल्ह्यात त्या पक्षाला एकही जागा नाही. तालुक्यांवरून जाणंही व्यर्थ. तालुके बारा, मतदारसंघ दहा. कागल मतदारसंघाला गडहिंग्लज आणि आजऱ्याचे भाग जोडलेले आहेत, तर पन्हाळा तालुका शाहूवाडी आणि करवीरमध्ये वाटला गेला आहे.

आता खुद्द निकाल. डावीकडे २०१९, उजवीकडे २०२४.

| क्र. | मतदारसंघ | २०१९ | २०२४ |
|---|---|---|---|
| २७१ | चंदगड | राजेश पाटील, राष्ट्रवादी | शिवाजी पाटील, अपक्ष |
| २७२ | राधानगरी | प्रकाश आबिटकर, शिवसेना | प्रकाश आबिटकर, शिवसेना |
| २७३ | कागल | हसन मुश्रीफ, राष्ट्रवादी | हसन मुश्रीफ, राष्ट्रवादी |
| २७४ | कोल्हापूर दक्षिण | ऋतुराज पाटील, काँग्रेस | अमल महाडिक, भाजप |
| २७५ | करवीर | पी. एन. पाटील, काँग्रेस | चंद्रदीप नरके, शिवसेना |
| २७६ | कोल्हापूर उत्तर | चंद्रकांत जाधव, काँग्रेस | राजेश क्षीरसागर, शिवसेना |
| २७७ | शाहूवाडी | विनय कोरे, जनसुराज्य | विनय कोरे, जनसुराज्य |
| २७८ | हातकणंगले (अ.जा.) | राजू आवळे, काँग्रेस | अशोकराव माने, जनसुराज्य |
| २७९ | इचलकरंजी | प्रकाश आवाडे, अपक्ष | राहुल आवाडे, भाजप |
| २८० | शिरोळ | राजेंद्र पाटील यड्रावकर, अपक्ष | राजेंद्र पाटील यड्रावकर, राजर्षी शाहू विकास आघाडी |

२०२४ ची बेरीज : शिवसेना ३, भाजप २, जनसुराज्य २, राष्ट्रवादी १, राजर्षी शाहू विकास आघाडी १, अपक्ष १. दहा. २०१९ ची : काँग्रेस ४, राष्ट्रवादी २, अपक्ष २, शिवसेना १, जनसुराज्य १. तीही दहा. दोन्ही बरोबर आहेत. घोटाळा होतो तो एकीतून दुसरी वजा करताना.

तक्त्यावरून सरळ वजाबाकी केली तर दहापैकी सात जागांवर पक्ष बदललेला दिसतो. तसाच राहिला तो फक्त राधानगरी, कागल आणि शाहूवाडीत. आता पक्षाचं नाव झाकून फक्त माणसं पाहा. शिरोळला तेच यड्रावकर आहेत, फक्त अपक्षाऐवजी नोंदणीकृत आघाडीच्या नावावर. इचलकरंजीत वडिलांच्या जागी मुलगा आला आणि घराणं त्याआधीच भाजपमध्ये गेलं होतं. म्हणजे खरा सत्तापालट पाच जागांवर झाला : चंदगड, दक्षिण, करवीर, उत्तर आणि हातकणंगले. त्यातल्या चार काँग्रेसच्या होत्या. जिल्ह्याचा निकाल एका ओळीत सांगायचा तर तो एवढाच आहे. पण 'भाजप शून्यावरून दोन' या मथळ्यात तो सापडत नाही, कारण त्या दोनपैकी एकच जागा भाजपने समोरच्याकडून जिंकून घेतली. दुसरी आवाडे आपल्याबरोबर घेऊन आले.

आणि ज्या तीन जागा 'बदल नाही' म्हणून हिरव्या रंगात दाखवल्या जातात त्यांतल्या दोन ठिकाणी सगळ्यात मोठा बदल दडलेला आहे. २०१९ ची शिवसेना आणि २०२४ ची शिवसेना यांचं नाव तेच, धनुष्यबाण तोच. मध्ये निवडणूक आयोगाचा १७ फेब्रुवारी २०२३ चा निर्णय येतो, ज्याने नाव आणि चिन्ह शिंदे गटाकडे गेलं. राष्ट्रवादीचं नाव आणि घड्याळ ६ फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयाने अजित पवार गटाकडे आलं. दोन वर्षांचे तक्ते पक्षाच्या संक्षेपावर जोडले की संगणक '२०१९ ची राष्ट्रवादी ५४, २०२४ ची ४१, घट तेरा' असं राज्याचं गणित मांडतो आणि शरदचंद्र पवार गटाच्या दहा जागा शून्यातून उगवलेल्या दाखवतो. म्हणून २०१९ च्या रकान्यावर 'शिवसेना (एकत्रित)' आणि 'राष्ट्रवादी (एकत्रित)' असं लिहावं. दोन वर्षांच्या रकान्यांमध्ये बाणाची खूण करून 'वाढ/घट' दाखवायची असेल तर ती फक्त भाजप, काँग्रेस आणि जनसुराज्य यांच्यापुरती.

आघाड्यांच्या रकान्यात तर २०१९ ला 'मविआ' (महाविकास आघाडी : काँग्रेस, राष्ट्रवादी आणि शिवसेना) लिहिताच येत नाही. ती निवडणुकीनंतर जन्मली. त्या वर्षी एका बाजूला काँग्रेस-राष्ट्रवादी, जिल्ह्यात सहा जागा. दुसऱ्या बाजूला शिवसेना-भाजप, एक जागा. बाकीच्या तीन त्या दोघांच्या बाहेरच्या. 'मविआ सातवरून शून्यावर' हे वाक्य ऐकायला छान आहे, पण त्या सातमध्ये धरलेल्या राधानगरीत २०१९ ला शिवसेना राष्ट्रवादीच्या विरोधात लढली होती.

किती जागा लढवल्या हा आकडा तक्त्यात नसला की आणखी एक फसगत होते. शिवसेना एकावरून तीनवर गेली. पण २०१९ ला युतीत तिच्या वाट्याला जिल्ह्यातल्या आठ जागा आल्या होत्या, भाजपला दोन. २०२४ ला शिवसेनेने तीन लढवल्या आणि तिन्ही घेतल्या, भाजपने दोनपैकी दोन. राष्ट्रवादीने कागल आणि चंदगड लढवलं, एक राहिली. शिरोळ राजर्षी शाहू आघाडीसाठी सोडलं होतं. शाहूवाडी आणि हातकणंगले जनसुराज्यकडे होते. शिवाय करवीरमध्येही जनसुराज्यचा उमेदवार रिंगणात होता, म्हणजे तिथे महायुतीतलीच मैत्रीपूर्ण लढत. अशा जागेवर 'लढवलेल्या' रकान्यांची बेरीज दहाच्या वर जाते. ती चूक नाही, दुरुस्त करायला जाऊ नये. तळटीप द्यावी.

समोरच्या बाजूला बेरीज उलट दहाच्या खाली येते. काँग्रेस चार (दक्षिण, करवीर, हातकणंगले, शिरोळ), ठाकरेंची शिवसेना दोन (राधानगरी, शाहूवाडी), शरदचंद्र पवार पक्ष तीन (चंदगड, कागल, इचलकरंजी). नऊच. दहावी कुठे गेली?

ती कोल्हापूर उत्तरमध्ये गेली, आणि या जिल्ह्याच्या तक्त्यातली सर्वात अवघड चौकट तीच आहे. काँग्रेसने आधी राजेश लाटकर यांचं नाव जाहीर केलं, मग ते बदलून मधुरिमाराजे छत्रपतींना उमेदवारी दिली. लाटकरांनी अपक्ष अर्ज ठेवला. ४ नोव्हेंबरला, अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी, मुदत संपता संपता मधुरिमाराजेंनी माघार घेतली. मुदत संपल्यावर पक्षाला दुसरा उमेदवार देता येत नाही आणि अपक्षाला मागाहून हाताचं चिन्हही मिळत नाही. कोल्हापूर उत्तरच्या यंत्रावर पंजा नव्हताच. काँग्रेसने लाटकरांना पाठिंबा दिला आणि ते प्रेशर कुकर या चिन्हावर लढले. निकालाच्या कागदावर ते अपक्ष आहेत. त्यांची सगळी मतं 'अपक्ष' रकान्यात पडतात, काँग्रेसच्या नावे या मतदारसंघात शून्य.

इथे दोन मोह होतात. एक, लाटकरांना काँग्रेसच्या रकान्यात टाकणं. ते करू नये. पक्षाचा रकाना हा उमेदवारांच्या अंतिम यादीवरून, म्हणजे नमुना ७-अ वरूनच भरायचा. दुसरा मोह, काही न करता पुढे जाणं. मग काँग्रेसची जिल्ह्यातली टक्केवारी काढताना छेदात उत्तरची मतं धरली जातात आणि पक्ष होता त्याहून अधिक खचलेला दिसतो. उपाय साधा आहे. पक्षाचा रकाना आणि आघाडीचा रकाना वेगळे ठेवावेत. लाटकरांच्या ओळीत पक्ष 'अपक्ष', आघाडी 'मविआ (पाठिंबा)'. शिवाजी पाटलांच्या ओळीत पक्ष 'अपक्ष', आघाडी रिकामी. ते भाजपचे बंडखोर होते, निवडून आल्यावर त्यांनी भाजपला पाठिंबा दिला, पण मतदान झालं तेव्हा महायुतीचा अधिकृत उमेदवार राष्ट्रवादीचे राजेश पाटील होते आणि ते हरले. चंदगड महायुतीच्या खात्यात टाकायचं तर तिथला महायुतीचा पराभव कुठे लिहायचा?

चंदगडची आणखी एक गंमत. २०१९ ला हेच दोघे समोरासमोर होते, याच दोन लेबलांनी. तेव्हा राष्ट्रवादी जिंकली, अपक्ष दुसरा. या वेळी उलट.

तुलनेचा पाया कोणता, हेही कोल्हापुरात आधी ठरवावं लागतं. 'मागच्या निवडणुकीचा निकाल' धरला तर काँग्रेस चारवर होती. 'मावळत्या सभागृहातलं बळ' धरलं तर नाही. उत्तरचे चंद्रकांत जाधव डिसेंबर २०२१ मध्ये वारले, एप्रिल २०२२ च्या पोटनिवडणुकीत जयश्री जाधव काँग्रेसकडून निवडून आल्या आणि २०२४ च्या निवडणुकीच्या तोंडावर त्या शिंदेंच्या शिवसेनेत गेल्या. करवीरचे पी. एन. पाटील मे २०२४ मध्ये गेले आणि जागा रिकामीच राहिली, कारण विधानसभेची मुदत संपायला वर्षाहून कमी काळ असेल तर पोटनिवडणूक घ्यावी लागत नाही. दोन्ही पाये योग्य आहेत. एका तक्त्यात दोन्ही मिसळणं तेवढं अयोग्य.

मतांच्या आकड्यांकडे आलं की काम वाढतं. आयोगाच्या प्रत्येक मतदारसंघाच्या तक्त्यात यंत्रातली मतं, टपाली मतं आणि एकूण असे तीन आकडे असतात. घाईत पहिला रकाना उचलला जातो. करवीरमध्ये नरके फक्त १,९७६ मतांनी निवडून आले. अशा जागेवर टपाली मतं वगळून काढलेलं मताधिक्य चुकीचंच येणार. कागल (साडेअकरा हजार) किंवा दक्षिण (साडेसतरा हजार) इथे तीच चूक सहज लपते, म्हणून तपासणीसाठी नेहमी जिल्ह्यातली सर्वात निसटती जागा घ्यावी.

यंत्रातली मतं आणि मतदान केंद्रावर नमुना १७-क मध्ये नोंदलेली मतं यांतही कधी फरक दिसतो आणि मग संशयाची राळ उठते. एखाद्या केंद्रावर चाचणी मतदानाची मतं पुसायची राहिली, किंवा मतदान संपल्यावर 'क्लोज'चं बटण दाबलं गेलं नाही, तर ते यंत्र बाजूला ठेवतात. मताधिक्य त्या केंद्रांवरच्या मतांपेक्षा जास्त असेल तर ती न मोजताच निकाल लागतो. त्यामुळे झालेलं मतदान आणि मोजलेली मतं हे दोन वेगळे रकाने हवेत.

टक्केवारीत 'नोटा'चा, म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही' या पर्यायाचा प्रश्न येतो. आयोगाच्या निकालाच्या पानावर टक्के काढताना नोटा एकूण मतांत धरलेला असतो. अनामत रक्कम वाचली का हे ठरवताना मात्र नोटा वैध मतांत मोजत नाहीत, वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मतं लागतात. एकच छेद दोन्हीकडे वापरला की सीमेवरच्या उमेदवाराची अनामत कागदावर जप्त होते, प्रत्यक्षात परत मिळालेली असते.

आणि आघाडीच्या राजकारणात जिल्ह्याच्या एकूण मतांवर काढलेली पक्षाची टक्केवारी जवळपास निरुपयोगी असते. भाजपचे उमेदवार दहापैकी दोनच ठिकाणी. बाकी आठ मतदारसंघांतल्या भाजपच्या मतदाराला कमळ दिसलंच नाही. राज्याच्या आकड्यांत हेच मोठ्या प्रमाणावर आहे. शरदचंद्र पवार पक्षाला ११.२८ टक्के मतं आणि १० जागा, अजित पवारांच्या राष्ट्रवादीला ९.०१ टक्के आणि ४१ जागा. एवढंच वाचलं तर काहीतरी काळंबेरं वाटतं. पहिल्याने ८६ जागा लढवल्या होत्या, दुसऱ्याने ५९, हे शेजारी लिहिलं की कोड्याचा बराच भाग सुटतो. जिल्हा तक्त्यात म्हणून 'लढवलेल्या जागांतल्या मतांचे टक्के' हाच रकाना द्यावा. दुसरा द्यायचाच असेल तर बारीक अक्षरात.

शेवटी संगणकावरची एक चूक, जी दर वेळी कुणीतरी करतं. 'शिवसेना' ही अक्षरं 'शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे)' मध्येही आहेत आणि राष्ट्रवादीचं पूर्ण नाव शरदचंद्र पवार पक्षाच्या नावातही आहे. पक्ष मोजताना सूत्रात तारांकन वापरलं किंवा मजकुराचा तुकडा शोधला की दोन्ही एकत्र मोजले जातात. लक्षण ओळखायला सोपं आहे : राज्याच्या बेरजेत शिवसेना ७७ किंवा राष्ट्रवादी ५१ आली की तेच झालं समजावं. कोल्हापूरच्या विजेत्यांच्या यादीत मात्र हे कधीच पकडलं जात नाही, कारण ठाकरे आणि शरदचंद्र पवार यांच्या पक्षांना इथे जागाच नाही. ही चूक मतांच्या रकान्यात बाहेर येते, कागलला मुश्रीफ आणि समरजितसिंह घाटगे या दोघांची मतं एका पक्षावर चढतात. पूर्ण नावाऐवजी पक्षाला आपला संकेतांक द्यावा आणि उमेदवाराची ओळख नावाने न ठेवता मतदारसंघ क्रमांक आणि मतपत्रिकेवरचा अनुक्रमांक यांनी ठेवावी. चंदगड, करवीर, दक्षिण, शाहूवाडी या पट्ट्यात 'पाटील' वर उमेदवार जुळवायला बसणं म्हणजे दिवस घालवणं.

हे सगळं केल्यावर कोल्हापूरची ओळ अशी छापावी : 'एकूण १०, शिवसेना ३, भाजप २, जनसुराज्य शक्ती २, राष्ट्रवादी १, राजर्षी शाहू विकास आघाडी १, अपक्ष १. महायुतीतले तीन प्रमुख पक्ष ६, मित्रपक्षांसह ९. मविआ ०.' खाली दोन तळटिपा. पहिली उत्तरसाठी : काँग्रेसचा उमेदवार नव्हता, अपक्षाला पाठिंबा. दुसरी चंदगडसाठी : अपक्ष, निकालानंतर भाजपला पाठिंबा. ही दुसरी टीप पुढची पाच वर्षं तशीच ठेवायची. अपक्ष आमदाराने सरकारला पाठिंबा दिला तरी चालतं, पण एखाद्या पक्षात रीतसर प्रवेश केला तर राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टानुसार (पक्षांतरबंदी) तो अपात्र ठरतो. तेव्हा सभागृहाच्या यादीतही शिवाजी पाटलांच्या नावापुढे 'अपक्ष' हाच शब्द असतो.